फळा, पडदा आणि बालसखी

पावसाळा सरला आणि दिवाळी आटोपली, की आपल्याकडे परिषदांचा हंगाम सुरू होतो. विद्यापीठे, अभियांत्रिकी महाविद्यालये, अध्यापक विद्यालये यांच्या फाटकांवर कापडी फलक झळकू लागतात, शोधनिबंध मागवणारी पत्रके फिरतात, पाहुण्यांच्या उतरण्याची सोय पाहिली जाते. या परिषदांत गेली काही वर्षे एक विषय हटकून असतो, तो म्हणजे शिक्षणातील तंत्रज्ञान. अलीकडे त्याला कृत्रिम बुद्धिमत्तेचे शेपूट जोडले गेले आहे. येत्या परिषदांतही वक्ते वर्गातल्या पडद्याविषयी बोलतील, आकडे मांडतील आणि शेवटी ‘तळागाळातल्या विद्यार्थ्यापर्यंत’ पोहोचण्याचा ठराव होईल. तो तळागाळ नेमका कुठे आहे आणि तिथे आजवर काय पोहोचले, याचा हिशेब परिषदेआधीच मांडलेला बरा.

हा विषय टिंगलीचा मात्र नाही. त्याच्या अभ्यासाची मोठी परंपरा मुंबईच्या आसपासच आहे. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचे काम १९७४ साली सुरू झाले. विज्ञान आणि गणिताच्या शिक्षणावरील ‘एपिस्टेम’ या आंतरराष्ट्रीय परिषदांची मालिका याच केंद्राची. तिची पहिली परिषद डिसेंबर २००४ मध्ये गोव्यात झाली. पवईच्या आयआयटीत शैक्षणिक तंत्रज्ञान हा स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे आणि २०१६ च्या अखेरीस आशिया-पॅसिफिक भागातील ‘संगणक आणि शिक्षण’ ही मोठी परिषद याच संस्थेच्या यजमानपदाखाली भरली होती. म्हणजे विद्वत्तेची वाण नाही. वाण आहे ती या विद्वत्तेची आणि महापालिकेच्या शाळेतल्या वर्गाची गाठ पडण्याची.

त्यासाठी पवईहून फार लांब जायला नको. मुलुंडकडून ऐरोलीचा पूल ओलांडावा आणि ठाण्याच्या दिशेला वळावे, की दिघा लागते.

आखीव शहराच्या बाहेरचे टोक

दिघा हे नवी मुंबई महापालिकेचे उत्तर टोक. एका अंगाला पारसिकचा डोंगर, दुसऱ्या अंगाला ठाणे-बेलापूर रस्ता आणि भोवती औद्योगिक पट्टा. सिडकोने आखलेल्या उपनगरांची माळ ऐरोलीपासून सुरू होते. दिघा त्या माळेत कधी ओवले गेलेच नाही. कारखाने आले, कारखान्यांमागे कामगार आले, कामगारांमागे खोल्या आल्या आणि खोल्यांवर मजले चढले. १ जानेवारी १९९२ रोजी नवी मुंबई महापालिका अस्तित्वात आली तेव्हा नियोजित शहर म्हणून तिचे कौतुक झाले. दिघा त्याच महापालिकेत असले तरी ते नियोजनाच्या नव्हे, निकडीच्या पोटी वाढले.

या वाढीची किंमत २०१५ साली दिसली. येथील ९९ बेकायदा इमारतींचे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गाजले, पाडापाडीचे आदेश निघाले आणि आयुष्याची कमाई घालून घर घेतलेली कुटुंबे रस्त्यावर उतरली. कायद्याची बाजू स्पष्ट होती. पण घराच्याच दाराला नोटीस लागलेली असताना त्या घरातले मूल गृहपाठ कुठे बसून करते, हा प्रश्न कोणत्याही निकालात येत नसतो.

दुसरी गोष्ट रेल्वे स्थानकाची. दिघा गाव स्थानक बांधून तयार झाले आणि तरीही कित्येक महिने कुलूपबंद राहिले. उद्घाटनाचा मुहूर्त लागला तो १२ जानेवारी २०२४ रोजी. तोवर गाड्या डोळ्यांसमोरून जात होत्या, फलाट दिसत होता, पण चढता येत नव्हते. आपल्या शाळांतल्या संगणकांच्या खोल्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे दृश्य अनोळखी वाटणार नाही.

तिसरी गोष्ट अधिक बोलकी आहे. ऐरोली, रबाळे, महापे या दिघ्याला लागून असलेल्या पट्ट्यात आज देशातील काही मोठी माहितीकेंद्रे उभी आहेत. बँकांचे व्यवहार, चित्रपट, ऑनलाइन वर्गांचे धडे यांचा साठा ज्या यंत्रांत राहतो, त्यांतली कितीतरी यंत्रे या रस्त्याच्या कडेला अहोरात्र थंड हवेत ठेवलेली असतात. त्याच रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला, टाळेबंदीच्या काळात, घरातला एकुलता फोन बापाबरोबर कामावर जात असे आणि तो रात्री परत आल्यावरच पोराची ‘शाळा’ भरत असे. तंत्रज्ञान जवळ असणे आणि हाताशी असणे यांत केवढे अंतर पडू शकते, ते मोजायला दिघ्याइतकी योग्य जागा नाही.

शंभर वर्षांचे तेच आश्वासन

यंत्र आले की शाळा बदलेल, हे आश्वासन आजचे नाही. चलच्चित्राचा शोध नवा होता तेव्हा, १९१३ साली, थॉमस एडिसनने शाळेतली पुस्तके लवकरच कालबाह्य होतील असे भाकीत केले होते. पुस्तके राहिली. पुढे रेडिओ आला, मग दूरचित्रवाणी आली. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर भारताने उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत शैक्षणिक दूरचित्रवाणीचा प्रयोग केला. त्या काळात जगातल्या मोठ्या प्रयोगांत त्याची गणना झाली. वर्ष संपले, उपग्रह अमेरिकेचा होता, तो परत गेला.

१९८४ हे वर्ष तर यंत्रांचेच म्हणायला हवे. त्या वर्षी १५ ऑगस्टला विद्यापीठ अनुदान आयोगाचे दूरचित्रवाणीवरील वर्ग सुरू झाले. त्याच सुमारास सुमारे अडीचशे निवडक शाळांत ब्रिटिश बनावटीचे संगणक देण्याची केंद्राची योजना आली. आणि त्याच वर्षी पुण्यात ‘बालचित्रवाणी’ उभी राहिली. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या पालकांना बालचित्रवाणीचे कार्यक्रम आठवत असतील. मराठी मुलांसाठी, मराठीत, पाठ्यपुस्तकाला धरून कार्यक्रम करणारी ती शासकीय संस्था होती.

या संस्थेचे पुढे काय झाले, ते परिषदेतल्या प्रत्येक वक्त्याने ध्यानात ठेवण्यासारखे आहे. पैशाचा ओघ आटला, यंत्रसामग्री जुनी झाली, पगार थकले आणि २०१७ साली संस्था बंद करण्यात आली. तीनच वर्षांनी, मार्च २०२० मध्ये, राज्यातल्या सगळ्या शाळांना कुलपे लागली. लाखो मुलांना घरबसल्या शिकवायचे तर दूरचित्रवाणी हाच सर्वांत व्यापक मार्ग होता आणि ते काम करण्यासाठीच स्थापन झालेली संस्था आपण नुकतीच मोडीत काढली होती. २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही पहिली ते आठवीची मालिका सुरू झाली, ती एमकेसीएल नॉलेज फाउंडेशन या संस्थेच्या पुढाकाराने. पुढाकार स्तुत्य होता. पण तेहतीस वर्षांचा अनुभव गाठीशी असलेली माणसे आणि त्यांची सामग्री हाताशी असती, तर पहिल्या महिन्यापासूनच पडदा उजळला असता.

मध्यंतरी आणखी यंत्रे येऊन गेली. २००७ साली कर्जतजवळच्या खैराट-धनगरवाड्यावरील लहानशा शाळेत ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या जागतिक मोहिमेचा भारतातला पहिला प्रयोग झाला. हीच मोहीम पेरू देशाने सर्वांत मोठ्या प्रमाणावर राबवली. तेथे दहा लाखांच्या आसपास लॅपटॉप वाटले गेले. पाहणी झाली तेव्हा गणित आणि भाषेत मुलांची प्रगती झाल्याचे दिसले नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये दिल्लीत ‘आकाश’ हा स्वस्त टॅब थाटात दाखल झाला. किंमत सव्वादोन हजारांच्या घरात, पण पडदा मंद आणि बॅटरी अशक्त. २०१५ साली मुंबई महापालिकेने आठवीच्या मुलांच्या हाती दप्तराऐवजी टॅब दिले आणि काही काळाने नादुरुस्त टॅबांच्या बातम्या येऊ लागल्या.

या सगळ्यांत एक समान धागा आहे. खरेदीसाठी पैसे होते, दुरुस्तीसाठी नव्हते. उद्घाटनाला मंत्री होते, पण चारशेव्या दिवशी कळफलकावरचे एक बटण बिघडले तेव्हा शिक्षकाने कुणाला फोन करायचा हे ठरलेले नव्हते. पहिल्या दिवसाचे छायाचित्र निघते, चारशेव्या दिवसाचे निघत नाही.

जे चालले, ते का चालले?

मग यंत्रांचा उपयोगच नाही की काय? तसे मुळीच नाही. आणि याचा सर्वांत चांगला पुरावा मुंबई महापालिकेच्याच शाळांतून मिळालेला आहे.

‘प्रथम’ या संस्थेने मुंबईत ‘बालसखी’ नावाचा उपक्रम चालवला होता. तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना रोज सुमारे दोन तास वर्गाबाहेर घेऊन एक तरुणी त्यांना वाचन आणि अंकगणित पक्के करून देत असे. ही तरुणी बहुधा त्याच वस्तीतली, शालेय शिक्षण पुरे केलेली. २००१ ते २००३ या काळात अभिजित बॅनर्जी, एस्तेर ड्युफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबई आणि वडोदरा या दोन शहरांत या उपक्रमाची काटेकोर तपासणी केली. वडोदऱ्यात त्यांनी दुसराही एक प्रयोग तपासला. तिथे दोन मुलांमागे एक संगणक आणि आठवड्याला दोन तास गणिताचे खेळ, अशी योजना होती. पुढे २०१९ साली या दोघांना मायकेल क्रेमर यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

निष्कर्ष मोठे उद्बोधक आहेत. दोन्ही उपायांनी फायदा झाला. गणितात तर संगणकाने बालसखीपेक्षा जास्त भर घातली. पण संगणकाचा खर्च वर्षाला मुलामागे सुमारे १५ डॉलर होता आणि बालसखीचा सव्वादोन डॉलर. खर्चाच्या मानाने बालसखी कित्येक पटींनी सरस ठरली. ही स्वस्ताई बालसखीच्या तुटपुंज्या मानधनातून आली होती, हे विसरता कामा नये. मात्र ते मानधन दुप्पट केले असते, तरी हिशेब तिच्याच बाजूने पडला असता.

गुजरातेत ली लिंडेन यांनी केलेला अभ्यास याहून स्पष्ट बोलतो. संगणकाचा तास शाळेच्या वेळात, शिकवण्याच्या जागी बसवला तेव्हा मुले एरवीपेक्षा कमी शिकली. तोच कार्यक्रम शाळा सुटल्यावर जोड म्हणून दिला तेव्हा मागे पडलेली मुले पुढे सरकली. यंत्र तेच, पाठ तेच, जागा बदलली आणि फळ उलटे झाले. दिल्लीत २०१५ साली झालेल्या आणखी एका अभ्यासात सहावीची मुले गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे असल्याचे आढळले. मुलाची खरी पातळी ओळखून प्रश्न देणाऱ्या संगणकीय कार्यक्रमाने साडेचार महिन्यांत चांगली प्रगती दिसली. पण तिथेही रोजच्या दीड तासातला अर्धा वेळ मुले लहान गटात माणसाकडून शिकत होती.

आपल्या राज्यातल्या यशाच्या गोष्टीही हेच सांगतात. शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्याची जिल्हा परिषद शाळा संदीप गुंड या शिक्षकामुळे डिजिटल शाळा म्हणून नावारूपाला आली. तिच्यामागोमाग राज्यभर कितीतरी गावांनी लोकवर्गणी काढून पडदे आणि प्रोजेक्टर घेतले. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणले. २०२० साली त्यांना दहा लाख डॉलरचा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाला. कल्पना साधी होती. जे पुस्तक मुलाच्या हातात आधीपासून आहे, त्यालाच खिडकी पाडायची. दोन्ही ठिकाणी यंत्र वरून आले नाही, वर्गातल्या अडचणीतून शिक्षकाने ते ओढून आणले. आणि जिथे फक्त यंत्र आले, तिथे वीजबिल थकून जोडणी तुटल्याच्या बातम्याही आपण वाचल्या आहेत.

होमी भाभा केंद्राचे पहिले संचालक वि. गो. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी महापालिकेच्या शाळांत जे काम केले, त्यात तर यंत्रच नव्हते. विज्ञानाच्या पुस्तकाची भाषा सोपी केली की मुलांची समज वाढते, हे त्यांनी दाखवून दिले. दिघ्यासारख्या ठिकाणी, जिथे घरात एक भाषा, गल्लीत दुसरी आणि पाठ्यपुस्तकात तिसरी असते, तिथे हा निष्कर्ष आजही तितकाच ताजा आहे.

फोन आला, वाचन कुठे आहे?

कुणी म्हणेल, आता दिवस पालटले, घरोघर फोन आहेत. खरे आहे. २०२४ च्या ‘असर’ पाहणीनुसार देशाच्या ग्रामीण भागात १४ ते १६ वयोगटातल्या सुमारे ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. पाहणीआधीच्या आठवड्यात शिक्षणासाठी तो वापरणारी मुले ५७ टक्के, तर समाजमाध्यमांसाठी वापरणारी ७६ टक्के. त्याच पाहणीत तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा उतारा वाचू शकणारी मुले केवळ २७ टक्के निघाली. २०१८ साली हे प्रमाण जवळपास तेवढेच होते, टाळेबंदीनंतर २०२२ मध्ये ते २०.५ पर्यंत घसरले आणि पुन्हा मूळ जागी आले. हे आकडे खेड्यांचे आहेत, दिघ्याचे नाहीत. तरी त्यांतला बोध शहरालाही लागू आहे. सहा वर्षांत फोन घरोघर गेला आणि वाचन होते तिथेच राहिले.

याउपर आता कृत्रिम बुद्धिमत्ता आली आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी खुले झाले आणि निबंध लिहून देणारा, गणित सोडवून दाखवणारा सोबती फोनात येऊन बसला. ज्या मुलाला वाचता येते, शंका विचारता येते, त्याला हा सोबती खरोखर उपयोगी पडेल. ज्याला उताराच वाचता येत नाही, त्याला तो उत्तर देईल, पण समज देणार नाही. अंतर मिटवणारे साधन म्हणून आलेली गोष्ट अंतर वाढवून जाऊ शकते, ती अशी.

शिवाय बाजाराचा भाग आहेच. मुलांच्या शिकवणीचे ॲप विकून देशातली सर्वांत मोठी ठरलेली बायजूज ही कंपनी जुलै २०२४ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. ह्यूमन राइट्स वॉचने २०२२ साली ४९ देशांच्या सरकारांनी शिफारस केलेली शिक्षणाची १६० हून अधिक साधने तपासली. दहांपैकी जवळजवळ नऊ साधनांची माहिती गोळा करण्याची पद्धत मुलांच्या हक्कांना बाधक आढळली. आपल्याकडे २०२३ च्या कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांची माहिती घेण्यास पालकांची संमती आवश्यक ठरवली आहे. पण संमतीचे कलम इंग्रजीत, बारीक अक्षरांत आणि घाईत दाबायच्या बटणामागे असेल, तर दिघ्यातल्या आईची संमती ती कसली? युनेस्कोने २०२३ च्या जागतिक अहवालात म्हणूनच विचारले आहे, की हे साधन कुणाच्या अटींवर वर्गात येते आहे?

परिषदेकडून काय हवे?

येत्या हंगामात परिषदा भरवणाऱ्यांकडे म्हणून काही मागणी करावीशी वाटते. व्यासपीठावर एक खुर्ची महापालिकेच्या शाळेतल्या शिक्षकासाठी ठेवावी, आणि ती स्वागतासाठी नव्हे, तर शोधनिबंधावर प्रश्न विचारण्यासाठी. प्रत्येक नव्या साधनाबरोबर तीन वर्षांच्या दुरुस्तीचा, विजेचा आणि प्रशिक्षणाचा खर्च मांडल्याशिवाय त्याचे गुणगान होऊ नये. आणि साधनाची तुलना नेहमी रिकाम्या वर्गाशी न करता बालसखीशी करावी. तेवढ्याच पैशात वस्तीतल्या शिकलेल्या चार मुलींना सन्मानाचे मानधन देऊन रोज दोन तास वाचन घेतले असते तर किती मुले वाचू लागली असती? या प्रश्नाला जे यंत्र टिकेल, ते आनंदाने घ्यावे.

पालकांनाही या चर्चेत जागा आहे. शाळेत नवा पडदा लागला की आपण टाळ्या वाजवतो, क्वचित वर्गणीही देतो. त्याऐवजी पालकसभेत चार साधे प्रश्न विचारायला हवेत. हे यंत्र आठवड्यात किती तास सुरू असते? ते कोणत्या तासाच्या जागी आले? बिघडले तर किती दिवसांत दुरुस्त होते? आणि माझ्या मुलाला कोणता उतारा अजून वाचता येत नाही, हे शाळेत कुणाला नावानिशी ठाऊक आहे काय? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे मुख्याध्यापकांच्या नोंदवहीत सापडतील. चौथ्याचे उत्तर मात्र एखाद्या माणसाकडेच असते. ते उत्तर देणारे माणूस वर्गात असेल, तर दिघ्यातही संगणक कामाला येईल. ते नसेल, तर स्थानक बांधून तयार आहे, फलाटही चकचकीत आहे, पण गाडी अजून थांबत नाही, एवढाच त्याचा अर्थ.